वायरलेस कंट्रोलरची बॅटरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात व्हिडिओ गेमचे कंट्रोलर उघडून बसायची सवय असली की ओळखीतले सगळे आपापले दुखणाईत कंट्रोलर घेऊन येतात. खालचे प्रश्न त्यांचेच आहेत, थोडेफार त्यांच्याच शब्दांत. बहुतेकांच्या पोटात तक्रार एकच असते: "आधी इतकी लवकर उतरत नव्हती." ती खरी आहे की नुसता भास, हे तपासायची रीत प्रश्न ३ मध्ये आहे. घाईत असाल तर आधी तो वाचा.

१. बॅटरी किती उरली आहे हे दिसतं कुठे?

प्लेस्टेशन ५ वर पीएस बटण एकदा दाबा. स्क्रीनच्या तळाशी पट्टी येते, तिच्यातल्या ॲक्सेसरीजच्या चिन्हात बॅटरी दिसते. प्लेस्टेशन ४ वर तेच बटण दाबून धरावं लागतं. एक्सबॉक्सवर होम स्क्रीनच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बॅटरीचं चित्र असतं. निन्टेन्डो स्विचवर होम मेनूतल्या कंट्रोलर्समध्ये गेलात की जोडलेल्या प्रत्येक कंट्रोलरची बॅटरी वेगवेगळी दिसते.

कॉम्प्युटरवर एक्सबॉक्सचा कंट्रोलर असेल तर विंडोज की आणि जी एकत्र दाबून गेम बार उघडा. ब्लूटूथने जोडलेल्या बऱ्याच कंट्रोलरचा आकडा विंडोजच्या ब्लूटूथ सेटिंगमध्येही येतो. स्टीम हे गेमचं ॲप वापरत असाल तर त्याच्या बिग पिक्चर मोडमध्ये बघा. आयफोनवर बॅटरीचं विजेट लावून ठेवलं की काम होतं.

२. दोन काड्या दिसत होत्या आणि कंट्रोलर एकदम बंद पडला. काड्या खोटं बोलतात का?

खोटं बोलत नाहीत, अंदाज सांगतात. आत किती चार्ज उरलाय हे बहुतेक कंट्रोलर थेट मोजत नाहीत. बॅटरीचं व्होल्टेज बघतात आणि त्यावरून काडी ठरवतात. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टच्या आसपास असते, मग ३.७ च्या आगेमागे बराच वेळ रेंगाळते आणि शेवटी घसरगुंडी लागल्यासारखी खाली येते. मधल्या सपाट पट्ट्यात एका काडीचा फरक म्हणजे दहा मिनिटंही असू शकतात किंवा दोन तासही.

त्यात व्हायब्रेशनची भर. मोटर जोरात फिरली की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. बॅटरी जुनी असेल तर ते इतकं खाली बसतं की कंट्रोलर बंद होतो. पुन्हा चालू केलात की परत दोन काड्या! हा खेळ वारंवार दिसू लागला तर समजा, बॅटरी म्हातारी झाली.

शिवाय विंडोजवर बरेच गेम ज्या एक्सइनपुट पद्धतीने बॅटरी विचारतात, तिच्यात उत्तरं चारच आहेत: रिकामी, कमी, मध्यम, भरलेली. त्यातून ६३ टक्के असा आकडा निघणारच नाही.

३. मग बॅटरी खरंच खराब झाली आहे का, हे तपासायचं कसं?

घड्याळाने. कंट्रोलर पूर्ण चार्ज करा, केबल काढा, वेळ लिहा. नेहमीचाच गेम नेहमीच्याच सेटिंगवर खेळा आणि तो स्वतःहून बंद पडेपर्यंत प्रत्यक्ष खेळलेले तास जमवा. मधे थांबलात तर कंट्रोलर बंद करा आणि तेवढा वेळ धरू नका. हे दोनदा केलं की सरासरी मिळते. ती कंट्रोलरच्या खोक्यात किंवा फोनमध्ये लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजलीत की पहिल्या आकड्याशी ताडून बघता येईल. दर आठवड्याला मात्र ही चाचणी करत बसू नका (कारण प्रश्न १७ मध्ये).

दुसरी रीत यूएसबी मीटरची. चार्जर आणि केबलच्या मधे लावायचं हे छोटं यंत्र किती ऊर्जा गेली ते दाखवतं. इथे एक फसगत नेहमी होते. ड्युअलसेन्सच्या, म्हणजे प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरच्या, बॅटरीवर १५६० एमएएच (मिलिॲम्पिअर-तास, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता) लिहिलेलं असतं, मीटरवर १२५० दिसतं आणि माणूस हबकतो. पण बॅटरीचा आकडा ३.६५ व्होल्टवरचा आहे आणि मीटरचा ५ व्होल्टवरचा. म्हणून एमएएच सोडा, वॉट-तास बघा. १५६० एमएएच गुणिले ३.६५ व्होल्ट म्हणजे साधारण ५.७ वॉट-तास. कंट्रोलर बंद ठेवून रिकाम्यापासून पूर्ण भरेपर्यंत मीटरवर याच्या आसपास किंवा थोडं वर यायला हवं, कारण चार्जिंगमध्ये काही ऊर्जा उष्णतेत जातेच. तीनच वॉट-तासांत "फुल" झाला तर बॅटरीत अर्धाच जीव उरलाय.

४. किती तास चालला म्हणजे ठीक म्हणायचं?

प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे ड्युअलशॉक ४ मध्ये, १००० एमएएचची बॅटरी असते. चार ते आठ तास मिळाले तर तक्रारीला जागा नाही. ड्युअलसेन्सकडून सहा ते दहा तासांची अपेक्षा ठेवा. महागड्या ड्युअलसेन्स एजमध्ये मात्र बॅटरी उलट लहान, १०५० एमएएचची आहे. तो लवकर उतरतो म्हणून दुकानदाराशी भांडू नका. स्विच प्रो कंट्रोलर (१३०० एमएएच) कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ४० तास चालतो आणि स्विचचे छोटे, सुटे होणारे जॉय-कॉन (५२५ एमएएच) २० तास. एक्सबॉक्सचा २०२० नंतरचा कंट्रोलर दोन पेन्सिल सेलवर ४० तासांपर्यंत चालतो असा दावा आहे. तो "पर्यंत" नीट वाचायचा.

५. मित्राचा स्विचचा कंट्रोलर आठवडाभर चालतो, माझा प्लेस्टेशनचा संध्याकाळीच मान टाकतो. बॅटरी तर माझीच मोठी आहे! असं का?

बॅटरीची टाकी मोठी असली तरी नळ किती सोडलाय ते बघावं लागतं. आकडेमोड सोपी आहे: एमएएचला तासांनी भागा, म्हणजे सरासरी किती मिलिॲम्पिअर खाल्ले ते कळतं. स्विच प्रो: १३०० भागिले ४०, साधारण ३२. ड्युअलसेन्स आठ तास चालला असं धरलं तर १५६० भागिले ८ म्हणजे १९५. सहापट!

माझं आवडतं उदाहरण त्याहून जुनं आहे. २०१२ साली आलेल्या वी यू कन्सोलच्या प्रो कंट्रोलरमध्ये आणि २०१७ च्या स्विच प्रो कंट्रोलरमध्ये बॅटरी एकच आहे, सीटीआर-००३ नावाची. निन्टेन्डोच्या ३डीएसमध्येही तीच. वी यूच्या कंट्रोलरला कंपनी ८० तास सांगायची, स्विचच्या कंट्रोलरला ४०. बॅटरी तीच आणि तास निम्मे, कारण मधल्या काळात कंट्रोलरमध्ये हालचाल ओळखणारे सेन्सर आणि बारीक थरथर देणारं व्हायब्रेशन आलं. ड्युअलसेन्समध्ये तर हातात पावसाचे थेंब जाणवावेत इतक्या नाजूक थरथरीची यंत्रणा, ट्रिगरला (तर्जनीने दाबायच्या मागच्या बटणांना) अडवणाऱ्या मोटरी, स्पीकर, माइक आणि दिवे, असा सगळा गोतावळा एकाच बॅटरीवर पोसला जातो.

६. जास्त वेळ चालावा म्हणून आधी काय बंद करू?

जे हलतं ते आधी. प्लेस्टेशन ५ वर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसरीज, मग कंट्रोलर. तिथे व्हायब्रेशनची तीव्रता आणि ट्रिगर इफेक्टची तीव्रता असे दोन पर्याय आहेत. थेट बंद करायची गरज नाही, "कमी" वर आणून प्रश्न ३ ची चाचणी पुन्हा करा. स्विचवर सिस्टिम सेटिंग्जमधल्या कंट्रोलर्स अँड सेन्सर्समध्ये व्हायब्रेशनचं बटण आहे.

त्यानंतर कंट्रोलरच्या स्पीकरचा आवाज. त्यानंतर कंट्रोलरला वायरने लावलेला हेडफोन. तो कंट्रोलरच्याच बॅटरीवर चालतो हे कित्येकांच्या लक्षात येत नाही. हेडफोन टीव्हीला किंवा कन्सोलला जोडता आला तर तिथे जोडा.

सगळं बंद करून खेळ बेचव वाटायला लागला तर व्हायब्रेशन बिनधास्त परत चालू करा. दोन तास जास्त मिळाले म्हणून गाडी खड्ड्यात गेल्याचं हाताला कळू नये, हा सौदा मलाही पटत नाही.

७. आणि तो दिवा? सगळे सांगतात दिवा बंद करा.

फरक पडतो, पण लोक सांगतात तेवढा नाही. ड्युअलशॉक ४ चा पुढचा दिव्याचा पट्टा प्लेस्टेशन ४ वर पूर्ण बंद करता येत नाही. सेटिंग्ज, डिव्हाइसेस, कंट्रोलर्समधून तो मंद करता येतो, आणि तो करून ठेवाच, कारण त्यात गमावण्यासारखं काही नाही. ड्युअलसेन्सचे दिवेही तसेच मंद करता येतात. चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

८. रात्री भरलेला होता, सकाळी रिकामा. न खेळता बॅटरी जाते कुठे?

बहुधा तो बंदच झाला नव्हता. प्लेस्टेशन ५ वर सिस्टिम, मग पॉवर सेव्हिंगमध्ये किती वेळाने कंट्रोलर आपोआप बंद व्हावा हे ठरवता येतं: १०, ३० किंवा ६० मिनिटं. १० निवडा. एक्सबॉक्सचा कंट्रोलर १५ मिनिटं हात न लागल्यास आपण होऊन झोपतो.

फोन किंवा कॉम्प्युटरला जोडलेला असेल तर हाताने बंद करायची सवय लावा. प्लेस्टेशनचा कंट्रोलर पीएस बटण साधारण दहा सेकंद दाबून, एक्सबॉक्सचा एक्सबॉक्स बटण पाच-सहा सेकंद दाबून, स्विच प्रो वरच्या कडेचं छोटं सिंक बटण दाबून बंद होतो.

दोन अपवाद मी स्वतः पाहिले आहेत. एक, स्टिक (अंगठ्याने फिरवायची दांडी) आपोआप सरकणारा कंट्रोलर. स्टिक जराशी जरी डावीकडे ओढत असली तरी कन्सोलला वाटतं कुणीतरी खेळतंय, आणि झोपेची वेळ कधी येतच नाही. दोन, बॅगेत कोंबलेला कंट्रोलर. मधलं बटण दाबलं जातं, तो जागा होतो, कन्सोल शोधतो, थकून झोपतो, पुन्हा दाबला जातो.

९. रात्रभर चार्जिंगला ठेवला तर बॅटरी खराब होते का?

एका रात्रीने काही होत नाही. आतलं सर्किट बॅटरी भरली की चार्जिंग थांबवतं. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत: भरलेलं पोट आणि उष्णता. म्हणून कायम डॉकवर (चार्जिंगच्या स्टँडवर), तोही कन्सोलच्या गरम हवेसमोर किंवा उन्हाच्या खिडकीत, असा ठेवू नका.

१०. मोबाइलचा फास्ट चार्जर लावला तर जळेल का?

चांगल्या प्रतीचा चार्जर आधी ५ व्होल्टच देतो आणि समोरच्या उपकरणाने मागितल्याशिवाय व्होल्टेज वाढवत नाही. कंट्रोलर ते मागत नाही, त्यामुळे चार्जिंग वेगानेही होणार नाही. भीती बाळगायची तर बिननावाच्या, हातात वजनच न लागणाऱ्या चार्जरची बाळगा. शंका असेल तर कन्सोलचाच यूएसबी सॉकेट वापरा.

११. केबल लावली तरी चार्जच होत नाही. बॅटरी गेली का?

बॅटरीवर आळ घेण्याआधी केबल बदला. मग सॉकेटमध्ये टॉर्च मारून बघा, खिशातल्या कपड्याचा भुगा तिथे घट्ट बसलेला असतो. कंट्रोलर बंद ठेवून तो लाकडी टूथपिकने अलगद काढा. जुन्या मायक्रो-यूएसबी सॉकेटमध्ये केबल हलवल्यावर चार्जिंग येत-जात असेल तर सॉकेट सैल झालाय.

मग कन्सोल. प्लेस्टेशन पूर्ण बंद केलेला असेल तर त्याच्या सॉकेटमधून वीज येत नाही. रेस्ट मोडमध्ये (कन्सोल झोपवलेला असताना) येते, पण सेटिंगमध्ये यूएसबीला वीजपुरवठा सुरू असेल तरच. त्यात "३ तास" निवडलेलं असतं आणि लोक सकाळी येऊन विचारतात की अर्धवट का राहिला. चार्ज होत असताना प्लेस्टेशनच्या कंट्रोलरचा दिवा नारिंगी रंगात संथपणे उजळतो-विझतो.

तरीही काही नाही तर रीसेट. ड्युअलसेन्सच्या पाठीवर सोनीच्या लोगोजवळ टाचणीएवढं भोक आहे. आत बटण आहे, ते पाच सेकंद दाबा. नंतर केबल लावून कन्सोलशी पुन्हा जोडणी करावी लागते, आणि त्यासाठी नुसती चार्जिंगची नव्हे, डेटाची केबल लागते.

प्लेस्टेशन ३ चा ड्युअलशॉक ३ मात्र विचित्र आहे. समोर कन्सोल किंवा कॉम्प्युटर असल्याची खात्री पटल्याशिवाय तो वीज घेत नाही, त्यामुळे साध्या भिंतीवरच्या चार्जरवर तो बहुधा ढिम्म हलत नाही. तो बिघाड नाही, त्याला कॉम्प्युटरला लावा.

१२. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला केबल लावून ठेवतो, पण रिचार्जेबल सेल चार्ज होत नाहीत.

होणारच नाहीत. केबल लावल्यावर कंट्रोलर केबलवर चालतो, पेन्सिल सेलना हात लावत नाही. कारण उघड आहे: आत साधे अल्कलाइन सेल असतील तर त्यांना चार्ज करणं धोक्याचं. कंपनीच्या रिचार्जेबल पॅकला वेगळे जोड असतात, त्यावरून कंट्रोलर तो ओळखतो. सुट्या सेलसाठी सुटा चार्जरच हवा. एक्सबॉक्सच्याच एलिट सिरीज २ कंट्रोलरची गोष्ट निराळी, त्यात बॅटरी आतच आहे.

१३. पेन्सिल सेल कोणते घेऊ?

रोज खेळत असाल तर निकेल-मेटल हायड्राइड, तेही चार्ज धरून ठेवणाऱ्या जातीचे, साधारण २००० एमएएचचे. एनेलूप हे त्यातलं २००५ पासूनचं नाव. चार सेल घ्या: दोन कंट्रोलरमध्ये, दोन चार्जरवर. अदलाबदल अर्ध्या मिनिटाची, आणि बॅटरी थकली म्हणून अख्खा कंट्रोलर कधी उघडावा लागत नाही. म्हणूनच "या जमान्यात सेल?" म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

महिन्यातून एकदा खेळत असाल तर अल्कलाइन पुरतात, पण प्रश्न १६ वाचा. भिंतीवरच्या घड्याळात जातात ते स्वस्त झिंक-कार्बन सेल इथे नकोत. व्हायब्रेशन सुरू झालं की त्यांना दम लागतो.

१४. रिचार्जेबल सेल पूर्ण भरून घातले तरी बॅटरी कमी दाखवतो. दुसऱ्या जातीचे घातले तर शेवटपर्यंत फुल्ल दाखवतो आणि मरतो!

दोन्हीचं मूळ प्रश्न २ मध्ये आहे. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टवर सुरू होऊन हळूहळू उतरतो. निकेलचा सेल बहुतेक वेळ १.२ व्होल्टवर ठाण मांडून बसतो. अल्कलाइन गृहीत धरलेल्या कंट्रोलरला १.२ म्हणजे अर्धा संपलेला सेल वाटतो. इशाऱ्याकडे दुर्लक्ष करा आणि खेळत राहा.

यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल याच्या उलट. त्यांच्या आतलं छोटं सर्किट शेवटच्या क्षणापर्यंत १.५ व्होल्ट देत राहतं आणि मग पडदा. कंट्रोलर बिचारा शेवटपर्यंत फुल्ल दाखवणारच. हे सेल वापरत असाल तर घड्याळाशिवाय इलाज नाही.

१५. एक सेल नवा, एक जुना चालेल का?

नाही. जुना आधी रिकामा होतो आणि नवा त्यातून करंट ढकलतच राहतो. जोडी ठरवा, मार्करने खूण करा, जोडीनेच चार्ज करा.

१६. काही महिने खेळणार नाही. कंट्रोलर कसा ठेवू?

आत बॅटरी असेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज करून, बंद करून, थंड आणि कोरड्या जागी. पूर्ण भरून नको, पूर्ण रिकामा तर मुळीच नको. तीन-चार महिन्यांनी एकदा बघा.

पेन्सिल सेल असतील तर काढून ठेवा. हे मी अनुभवाने शिकलो. कपाटाच्या खणात वर्षभर पडलेला कंट्रोलर उघडला तर झाकण जागचं हलेना. आत स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशी आल्यासारखा थर होता. अल्कलाइन सेल पाझरला की त्यातून अल्कली बाहेर येते, म्हणून उतारा आम्लाचा: कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, मग पूर्ण वाळू देणं. हातात रबरी मोजे हवेत. माझा कंट्रोलर वाचला, डावीकडची स्प्रिंग मात्र अर्धी झिजली. आता सेल घट्ट बसावा म्हणून तिथे फॉइलची घडी आहे.

१७. बॅटरी पूर्ण संपवून मगच चार्ज करावी ना?

हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियम-आयनला तो उलट बाधतो, दरवेळी तळ गाठणं तिला आवडत नाही. एक काडी उरली की लावा, मधेच काढावा लागला तरी चालेल. आणि गोठणबिंदूखालच्या थंडीत बाहेरून आणलेला कंट्रोलर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग चार्ज करा. गारठलेल्या बॅटरीत लिथियम धातू साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही.

१८. कंट्रोलरचे दोन भाग जोडावर फाकल्यासारखे दिसतायत. दाबून बसवू का?

अजिबात दाबू नका! बॅटरी फुगली असावी. चार्जिंग काढा, कंट्रोलर बंद करा, गादी-पडद्यांपासून लांब ठेवा. टोचू नका, "हवा काढू" नका, आत आग लागण्यासारखा माल आहे. बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, आणि उघडायची सवय नसेल तर कंट्रोलरसकटच द्या.

१९. नवी बॅटरी घालायची आहे. ऑनलाइन दुप्पट एमएएचची मिळते, ती घेऊ?

तेवढ्याच आकाराच्या पाकिटात दुप्पट चार्ज कुठून येणार? त्या आकड्याला मी लेबलावरची शाई समजतो. मूळ क्षमतेच्या जवळपासचा प्रामाणिक आकडा लिहिलेली घ्या. ड्युअलशॉक ४ च्या जुन्या आणि नंतरच्या आवृत्तीत बॅटरीचा जोड वेगळ्या मापाचा आहे. आधी उघडून बघा, मग मागवा. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा.

२०. नवी बॅटरी घातली, तरी तास तेवढेच. आता?

मग एक तर नवी बॅटरीही जुनाच माल आहे किंवा जुनी निर्दोष होती. यूएसबी मीटर लावा (प्रश्न ३). वॉट-तास कमी भरले तर बॅटरी परत करा. बरोबर भरले तर गळती दुसरीकडे आहे: प्रश्न ८ मधली सरकणारी स्टिक बघा, मग व्हायब्रेशन पूर्ण बंद करून एकदा घड्याळ लावा. ड्युअलशॉक ४ असेल तर एक बारीक गोष्टही बघा: बॅटरी बसवताना तिची वायर प्लास्टिकच्या खुंटीखाली चेपली गेली आहे का? मी एकदा ती तशीच ठेवून कंट्रोलर बंद केला होता आणि दोन दिवस नव्या बॅटरीला शिव्या देत होतो.